मजुरांचेही पिरॅमिड होते

गेली दहा-बारा वर्षे आम्ही एक वाक्य स्टेजवरून बोलत आलो. "पिरॅमिड बघायला जगभरातून लोक जातात, पण ते बांधणाऱ्या लाखो गुलामांची हाडे वाळूत बेवारस पडली आहेत, त्यांतल्या एकाचेही नाव कुणाला ठाऊक नाही!" जयंतीच्या आधीच्या व्याख्यानमालेत बोललो, वस्तीतल्या अभ्यासवर्गात बोललो, एकदा तर एका मंगल परिणयाच्या मंडपातही बोललो. टाळी हमखास यायची. मागच्या हिवाळ्यात इजिप्तला जाऊन आलो आणि हे वाक्य कायमचे सोडून द्यावे लागले. ते चूक होते. एवढेच नाही, ते आपल्याच बाजूचा मुद्दा दुबळा करणारे होते.

आम्ही तिघे कचरावेचकांच्या प्रश्नावर काम करतो. कैरोत मोकत्तम टेकडीखाली जब्बालीन लोकांची मोठी वस्ती आहे. शहराचा कचरा घरोघरून उचलायचा, वस्तीत आणून हाताने निवडायचा आणि विकायचा, हा त्यांचा पिढ्यांचा उद्योग. ते काम पाहायला गेलो होतो. हाताशी चार दिवस मोकळे होते. इतक्या लांब येऊन पिरॅमिड न बघता परत गेलो असतो तर गावी कुणी आम्हाला घरात घेतले नसते.

गिझाला सकाळी लवकर पोहोचलो. उंटवाले, घोडेवाले, टोप्या विकणारी पोरे यांनी गराडा घातला. "हिंदी? अमिताभ बच्चन!" हे आम्ही त्या दिवशी किमान वीस वेळा ऐकले. खुफूचा पिरॅमिड समोर आला तेव्हा खरे सांगायचे तर पहिली प्रतिक्रिया चळवळीची वगैरे नव्हती, नुसते तोंड उघडे राहिले. बांधला तेव्हा १४६ मीटर उंच होता, आज वरचा भाग झिजून १३८ मीटरच्या आसपास आहे. तळाची एक बाजू २३० मीटर. अंदाजे २३ लाख दगड. इसवी सनापूर्वी २५६० च्या सुमाराचे हे काम, म्हणजे तथागतांच्या जन्माआधी जवळजवळ दोन हजार वर्षे.

हा काळाचा हिशोब मुद्दाम सांगतो, कारण आपल्याच ग्रुपवर फिरणारा एक संदेश त्या सकाळी आमच्या एका सोबत्याने मोबाईलवर वाचून दाखवला: पिरॅमिड हे मूळचे बौद्ध स्तूप आहेत म्हणे. मित्रांनो, असले संदेश पुढे ढकलू नका. इजिप्तशी आपले खरे नाते आहे आणि ते पुराव्याचे आहे. सम्राट अशोकाने तेराव्या शिलालेखात आपला धम्मविजय जिथे पोहोचला त्या राजांत तुरमायाचे नाव कोरले आहे, तो इजिप्तचा राजा टॉलेमी. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके या इजिप्शियन बंदरात रोमन काळातली संगमरवरी बुद्धमूर्ती सापडल्याचे २०२३ साली जाहीर झाले. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरचा माल त्या बंदरात उतरत असे. एवढे खरे हाताशी असताना खोट्याची गरज काय?

आमच्या दुसऱ्या सोबत्याचे वडील गवंडी. त्याचे लक्ष उंचीकडे नव्हतेच. उत्तरेच्या बाजूला अगदी तळाशी मूळच्या गुळगुळीत आवरणाचे थोडे दगड अजून जागेवर आहेत. तो तिथे उकिडवा बसला आणि दोन दगडांमधल्या सांध्यावरून नख फिरवत राहिला. "ह्यात नख जात नाही रे," तो म्हणाला. "मारून-मुटकून आणलेला माणूस असा सांधा बसवत नाही." आम्ही म्हणालो, हा काही पुरावा नव्हे. तो म्हणाला, "पुरावा तू शोध, मी सांधा सांगतो."

पुरावा शोधायला फार लांब जावे लागले नाही. स्फिंक्सच्या दक्षिणेला दोनशे मीटर लांबीची एक जुनी दगडी भिंत आहे. तिला तिथले लोक 'हैत अल-घुराब' म्हणतात, म्हणजे कावळ्याची भिंत. भिंतीच्या पलीकडे मुलांचे फुटबॉलचे मैदान, आजच्या गावाचे कबरस्तान आणि मागे वाळूचा चढ. पर्यटक इकडे फिरकत नाहीत. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ मार्क लेहनर यांनी १९८८ पासून या भागात खोदकाम केले आणि वाळूखालून एक अख्खी वसाहत वर आली: रस्ते, लांबलचक बराकी, भाकऱ्या भाजायच्या भट्ट्या, धान्याची कोठारे, आणि गुरे-शेळ्या-मेंढ्यांच्या हाडांचे ढीग. पिरॅमिड बांधणारे इथे राहत होते आणि मटण-भाकरी खात होते. मागे चढावर त्यांचे स्मशान. तेही कसे सापडले? १९९० साली एका घोड्याचा पाय वाळूत दडलेल्या मातीच्या विटांच्या भिंतीला अडखळला. ती भिंत एका मजुराच्या कबरीची निघाली. मग झाही हवास यांच्या पथकाने तो उतार खणायला घेतला.

आम्हाला पहारेकऱ्याने वर जाऊ दिले नाही. खालूनच उभे राहून पाहिले. चढावर विटांच्या आणि दगडांच्या तुकड्यांच्या लहान-लहान कबरी, एकीला एक लागून. कुणाची घुमटासारखी, कुणाची पेटीसारखी, आणि काहींवर चक्क पायऱ्यांचा छोटासा पिरॅमिड. मजुरांनी राजाच्या कामावरून उरलेले दगडाचे तुकडे आणले आणि स्वतःसाठी हाताएवढे पिरॅमिड केले. सगळ्यात वरच्या भागात मुकादम, कारागीर आणि अधिकाऱ्यांच्या कबरी. त्यांत नावे आणि हुद्दे कोरलेले. इंतीशेदू नावाचा एक सुतार आहे, देवीची होडी करणारा. पेतेती नावाच्या एकाच्या कबरीवर शाप लिहिला आहे: जो या थडग्याला धक्का लावील त्याला मगर आणि पाणघोडा गाठतील. साडेचार हजार वर्षांपूर्वी कामकऱ्याच्या कबरीला संरक्षण हवे होते आणि त्याने ते लिहून घेतले.

सांगाडे तपासले गेले तेव्हा काय निघाले? कमरेचे आणि गुडघ्यांचे सांधे झिजलेले, मणक्यांवर ओझ्याच्या खुणा. पुरुषांच्याच नव्हे, बायकांच्याही. आणि त्याचबरोबर हातापायांची मोडलेली हाडे, नीट जुळवून, बांधून, भरून आलेली. कुणीतरी त्यांच्यावर उपचार केले होते. गुडघे पोटाशी घेतलेल्या देहाशेजारी दारूचे आणि भाकरीचे मडके ठेवले होते, पुढच्या प्रवासाला. हे सगळे राजाच्या पिरॅमिडच्या नजरेच्या टप्प्यात. बेवारस म्हणतात ते हे नव्हे.

आमच्या वाक्यातला 'नाव ठाऊक नाही' हा भागही खोटा ठरला. मजुरांच्या टोळ्यांनी दगडांवर आपली नावे रंगवून ठेवली आहेत. एक टोळी 'खुफूचे मित्र', दुसरी 'मेनकौरेचे झिंगलेले'. दगड जागी बसल्यावर ती नावे कुणाला दिसणार नव्हती, तरी लिहिली. तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे २०१३ साली पिएर तालेत यांच्या पथकाला पपायरसची पाने सापडली. त्यांत मेरेर नावाच्या एका मुकादमाची रोजनिशी आहे. चाळीसेक माणसांची तुकडी घेऊन तो नाईलच्या पलीकडल्या तुरा खाणीतून पांढरा चुनखडक होडीत भरायचा आणि गिझाला आणून टाकायचा. कुठल्या दिवशी भरले, रात्री कुठे मुक्काम केला, कधी पोहोचलो, असा सरळ हिशोब. राजा खुफूचा एखादा बोटभर पुतळा मिळतो, पण त्याच्या मुकादमाचे रोजचे जगणे आपण आज वाचू शकतो. आपल्याकडे ऊसतोड टोळीच्या मुकादमाच्या वह्या कुणी जपून ठेवल्या असत्या तर!

मग गुलामांची गोष्ट आली कुठून? हिरोडोटस हा ग्रीक लेखक पिरॅमिडनंतर दोन हजार वर्षांनी तिथे गेला. एक लाख माणसे, तीन-तीन महिन्यांच्या पाळ्या, वीस वर्षे, असे त्याने ऐकून लिहिले. आकडा आजचे संशोधक मानत नाहीत. ते दहा-वीस हजारांच्या आसपास बोलतात. बायबलच्या निर्गमनात इस्राएली लोक विटा पाडतात, गोदामांची शहरे बांधतात, पिरॅमिडचा उल्लेखही नाही. उरलेले काम हॉलिवूडने केले. 'द टेन कमांडमेंट्स' १९५६ सालचा, म्हणजे आपल्या धम्मदीक्षेच्याच वर्षाचा. चाबकाखाली दगड ओढणारी माणसे आम्ही तिथूनच उचलली होती आणि वर्षानुवर्षे इतिहास म्हणून सांगत होतो.

आता उलट्या टोकालाही जायचे नाही. तो काही कामगारांचा स्वर्ग नव्हता. राज्य गावोगावून माणसे मागवायचे, पाळी लागली की जावे लागायचे. आपल्याकडे त्याला वेठ म्हणतात. महार वतनाच्या नावाने आपल्या आजे-पणज्यांनी जी वेठ केली, जिच्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक आणले, तीही वेठच. मणका तिथेही झिजला, इथेही झिजला. फरक पाहायचा तो मणका झिजल्यानंतरचा.

आमच्या आजोबांचे उदाहरण सांगितल्याशिवाय हे पुढे जात नाही. आजोबांनी गावच्या देवळाच्या जीर्णोद्धारात दगड वाहिले होते. त्या देवळाच्या पायरीवर ते कधी चढले नाहीत, आधी चढू दिले नाही म्हणून आणि धम्म घेतल्यावर गरज नाही म्हणून. ते गेले तो श्रावण होता. गावाच्या स्मशानभूमीला सिमेंटचा ओटा आहे, वर पत्र्याची शेड आहे. आमची जागा ओढ्यापलीकडे, उघडी. ओढ्याला कमरेएवढे पाणी. तिरडी खांद्यावरून डोक्यावर घेऊन पलीकडे नेली. चिता रचली आणि पाऊस आला. आम्ही चौघांनी चार कोपरे धरून चितेवर ताडपत्री ताणली, पण धुराने आणि आगीने ती धरता येईना. डिझेल ओतले. अर्धवट जळालेल्या देहाजवळ रात्रभर बसलो. पलीकडे शेड रिकामी होती, दिसत होती. कुणी नाही म्हटले नव्हते, कारण आम्ही विचारलेच नव्हते. विचारले तर काय होते ते शेजारच्या गावात आदल्या वर्षी सगळ्यांनी पाहिले होते. गावाचे नाव इथे लिहीत नाही. वाचणाऱ्यांपैकी अनेकांना ते आपलेच वाटेल.

कावळ्याच्या भिंतीशी उभे राहून आम्हाला तो ओढा आठवत होता. सोबत्यांना सांगितले नाही. संध्याकाळी खोलीवर आल्यावर सांगितले.

जातीचे समर्थन करणारे लोक आपल्याला काय सांगतात? "अहो, त्या काळी जगात सगळीकडे असेच होते. रोममध्ये गुलाम होते, इजिप्तमध्ये गुलाम होते. तुम्ही आमच्याच धर्माला का धरता?" आणि आपण स्टेजवरून 'पिरॅमिड गुलामांनी बांधले' म्हणतो तेव्हा नकळत त्यांचीच साक्ष काढतो. असेच होते, असे आपणच कबूल करतो. गिझाचा तो उतार नेमके उलटे सांगतो. साडेचार हजार वर्षांपूर्वी, राजाला देव मानणाऱ्या, वेठीने माणूस राबवणाऱ्या समाजातही दगड वाहणाऱ्याला कामाच्या ठिकाणीच, राजाच्या शेजारच्या जमिनीत, हुद्द्यासकट जागा मिळू शकत होती. म्हणजे विषमता जुनी आहे म्हणून विटाळ आपोआप येतो, असे नाही. विटाळ वेगळा करावा लागतो.

गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांतला फरक बाबासाहेबांनी याच अंगाने मांडला होता. गुलाम हा मालकाचा माल, म्हणून त्याला जगवणे, त्याला शिकवणे यात मालकाचा स्वार्थ असतो. अस्पृश्याचा कुणी मालक नाही, म्हणून त्याच्या जगण्या-मरण्याची जबाबदारीही कुणावर नाही. पण आम्ही एवढ्यावर समाधान मानून परत आलो असतो तर ती अर्धी गोष्ट झाली असती. इजिप्तला आपल्या सोयीचे करून घेणे हीसुद्धा लबाडीच.

हिरोडोटसनेच आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. इजिप्तमध्ये डुकरे राखणारे लोक तिथलेच असूनही त्यांना देवळात प्रवेश नव्हता. त्यांच्यात कुणी मुलगी देत नसे, त्यांची करत नसे. ते आपापसातच लग्ने करत. वाचताना अंगावर काटा येतो. देवळाची बंदी आणि बेटीबंदी, दोन्ही एका जागी. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबियात वाचलेल्या निबंधात सजातीय विवाह हाच जातीचा गाभा ठरवला, तो गाभा इथे दिसतो. आणि दुसरा ग्रीक, डायोडोरस, मृतदेह टिकवण्याच्या कामाबद्दल लिहितो. देहावर पहिली चीर घेणारा माणूस चीर घेताच पळत सुटायचा आणि जमलेले लोक शिव्याशाप देत त्याच्यामागे दगड मारायचे. कारण माणसाच्या शरीराला इजा करणारा तो. काम त्याच्याकडूनच करून घ्यायचे, त्याशिवाय देह टिकणार नाही, आणि ते केल्याबद्दल दगडही त्यालाच. पुढे मीठ-मसाला लावणारे मात्र पुजाऱ्यांबरोबर उठबस करणारे, मानाचे. मेलेली गुरे ओढणाऱ्यांच्या नातवंडांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

मग आपला दावा कोसळला का? आमच्या मते नाही. बाबासाहेब हे टाळत नाहीत. 'द अनटचेबल्स' या १९४८ च्या ग्रंथात ते सुरुवातच तिथून करतात: आदिम आणि प्राचीन समाजांत, इजिप्तमध्येसुद्धा, विटाळाच्या कल्पना होत्याच. त्यांचा प्रश्न पुढचा आहे. इतरांचा विटाळ प्रसंगापुरता असतो, धुतला जातो. इथे अख्खे समाजच्या समाज जन्माने आणि कायमचे विटाळलेले का मानले गेले? त्यांनी तिथे सरकारी यादीतल्या ४२९ जमातींचा दाखला दिला आहे. डुकरे राखणाऱ्यांची एक प्रथा आणि ४२९ जमातींची शास्त्राधारित व्यवस्था यांत अंतर आहे. पण 'इजिप्तमध्ये असे काही नव्हतेच' असे आता आम्ही म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी मोकत्तमच्या वस्तीत गेलो तेव्हा हे डोक्यात होतेच. जब्बालीन बहुतेक कॉप्टिक ख्रिस्ती, गेल्या शतकात दक्षिणेकडच्या खेड्यांतून पोट भरायला आलेले. त्यांचा त्या प्राचीन डुकरे राखणाऱ्यांशी वंशाचा काही संबंध नाही. पण तेही डुकरे पाळतात, ओला कचरा खाऊ घालायला. २००९ साली स्वाइन फ्लूची साथ जगात आली तेव्हा सरकारने देशातली सगळी डुकरे मारायचा हुकूम काढला, जवळजवळ तीन लाख. रोग माणसांकडून माणसांना होत होता, हे आरोग्य संघटना सांगत असतानाही. नंतर ओला कचरा रस्त्यांवर साचला तेव्हा शहराला कळले की आपली स्वच्छता कुणाच्या जिवावर चालते. टेकडी तीच आहे, हेही सांगायला हवे. मोकत्तम आणि तुरा एकाच चुनखडकाच्या रांगेत. मेरेरने जिथून दगड भरला त्याच डोंगराच्या कुशीत आज कचऱ्याच्या गोण्या भरल्या जातात. वस्तीतल्या एका बाईने आम्हाला चहा दिला आणि हातावरची सुई टोचल्याची खूण दाखवली. आमच्याकडच्या मावश्यांच्या हातांवर तशाच असतात.

उरलेल्या दोन दिवसांत रात्रीच्या गाडीने लक्सरला गेलो. नाईल ओलांडून पश्चिम काठ. राजांची दरी सगळे बघतात. आम्ही आधी देर अल-मदिनाला गेलो. इथे त्या दरीतल्या राजांच्या कबरी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. पिरॅमिडनंतर साधारण हजार-बाराशे वर्षांनी. भिंतीच्या आत अरुंद गल्ली आणि दोन्ही बाजूंना खेटून ६८ घरे. गुडघाभर उंचीच्या भिंती अजून उभ्या आहेत. आपल्या चाळीतल्या खोल्यांची आठवण यावी अशी. आणि घरांच्या बाजूलाच डोंगराच्या उतारावर त्यांचे स्मशान.

तिथे पाहतो तर काय, पिरॅमिड. मातीच्या विटांचे, चुन्याने पांढरे केलेले, टोकदार, लहान. काही ढासळलेले, एक पुन्हा उभा केलेला. राजांनी तोवर पिरॅमिड बांधणे सोडले होते. चोरांच्या भीतीने ते दरीत लपून पुरून घेत होते. आणि पिरॅमिड उरला होता मजुरांकडे.

सेनेजेम नावाच्या कारागिराच्या कबरीत उतरलो. पायऱ्या इतक्या उभ्या आणि दार इतके बुटके की वाकूनच जावे लागते. आत एकच छोटी खोली, पण भिंती पिवळ्याधमक आणि रंग कालच लावल्यासारखे. एका भिंतीवर त्यांचा परलोक रंगवला आहे. त्यात कोण काय करते आहे? सेनेजेम स्वतः नांगर धरतो आहे, मागून त्याची बायको इयनेफर्ती बी पेरते आहे. तो विळ्याने कणसे कापतो, ती गोळा करते. दोघांच्या अंगावर पांढरीशुभ्र वस्त्रे. नोकर नाही, सेवक नाही. राबणारा माणूस मेल्यावरही राबतो आहे, पण स्वतःच्या शेतात. गवंड्याच्या पोराने ते चित्र खूप वेळ पाहिले. "आमच्या बापाने असा स्वर्ग मागितला असता," तो म्हणाला, "सातबाऱ्यावर नाव असलेला."

वर आल्यावर त्या छोट्या पिरॅमिडपाशी बसून आमचे भांडण झाले. तिसरा सोबती म्हणाला, ही राजाची नक्कल आहे. वरच्यांनी टाकलेले खालच्यांनी उचलले. आम्ही समाजशास्त्राचा एम.ए. केलेला, आम्हालाही संस्कृतीकरणाचा धडा आठवला. पण ते इथे नीट बसत नाही. नक्कल करणारा लांबून बघतो. ही माणसे दहा दिवसांच्या आठवड्यात राजाची कबर करायची आणि सुट्टीच्या दिवशी एकमेकांच्या. सांधा त्यांचा, रंग त्यांचा, रेष त्यांची. राजाकडे पिरॅमिड होता तो यांच्याच हातांतून गेलेला. आपल्या गोष्टीला हात लावणे म्हणजे नक्कल कशी? सोबती अजूनही मान्य करत नाही. आपल्या वस्त्यांत पुतळे आणि विहारे उभी राहतात तेव्हाही हाच वाद होतो, तो तिथे संपवता आला नाही तर इथे कसा संपेल.

या गावाची आणखी एक ओळख प्रत्येक कार्यकर्त्याला असायला हवी. तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या २९ व्या वर्षी, म्हणजे इसवी सनापूर्वी ११५० च्या सुमारास, या कारागिरांचे धान्य थकले. पगार धान्यातच मिळायचा. त्यांनी काम टाकले, पहारे ओलांडले आणि राजाच्या पूर्वजाच्या देवळामागे जाऊन बसले. अधिकारी समजावायला आले, उठले नाहीत. भूक आणि तहान आम्हाला इथे घेऊन आली, अंगावर कपडा नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही, राजाला कळवा, असे त्यांचे म्हणणे एका लेखनिकाने लिहून ठेवले. तो पपायरस आज इटलीत तुरिनच्या संग्रहालयात आहे. जगातला नोंद झालेला हा सर्वांत जुना संप. धान्य मिळाले, पुन्हा थकले, पुन्हा ते बसले. धरणे आंदोलनाला बसलेल्या सफाई कामगारांना आम्ही ही गोष्ट आल्यावर सांगितली, तर एक मावशी म्हणाल्या, "म्हंजी तवाबी सायेब लोक समजावायलाच यायचे, पैशे घेऊन नाही."

हे गाव लिहिते होते, म्हणून इतके कळते. खापऱ्यांवर आणि दगडाच्या चिपांवर त्यांनी हजारो चिठ्ठ्या लिहिल्या. दुसऱ्या रामसेसच्या ४० व्या वर्षाचे हजेरीपत्रक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. कोण कधी गैरहजर आणि का: एकाला विंचू चावला, एक भावाच्या प्रेतक्रियेत, एकाला दारू गाळायची होती, कुणाच्या बायकोची किंवा मुलीची पाळी आली म्हणून तो घरी. हे शेवटचे कारण घरकामाला हात लावण्यासाठी होते की विटाळासाठी, दोन्ही अर्थ लावले जातात. आमच्या सोबत आलेल्यांपैकी बाई कुणीच नव्हती, हे तेव्हा जाणवले. तिने कदाचित तिसरा अर्थ लावला असता.

आणि गाव म्हटले की वेस आली. डोंगरात विहीर नव्हती. पाणी खालून गाढवांवर आणावे लागे. पाणके, लाकूडतोडे, कोळी, कपडे धुणारे हे सगळे भिंतीच्या आत राहत नव्हते. त्यांच्या गटाचे नावच 'बाहेरचे' असे होते. आतल्या संपकऱ्यांचे कपडे बाहेरचे धुवायचे. दळण दळायला गुलाम बायका वाटून दिलेल्या होत्या. इतिहासातला पहिला संप करणाऱ्या गावाला गावकूस होते, हे वाचल्यावर आम्ही तिघेही काही वेळ गप्प होतो. पुढच्या काळात आतल्या टोळीतली संख्या घटवली तेव्हा काहींना बाहेरच्यांत जावे लागले. म्हणजे ती भिंत आपल्याकडच्यासारखी जन्माची नव्हती. पण बाहेरच्यांचे पिरॅमिड आम्हाला त्या उतारावर दिसले नाहीत. त्यांना कुठे पुरले, हे आम्ही तिथल्या पहारेकऱ्याला खुणांनी विचारले. त्याने नदीकडच्या शेतांकडे हात केला, मग खांदे उडवले.

परतीच्या वाटेवर त्याच पहारेकऱ्याने डोंगरावरची मोकळी जागा दाखवली. तिथे त्याच्या लोकांची घरे होती. जुन्या कबरींवर वसलेले कुर्ना गाव या शतकाच्या सुरुवातीला सरकारने बुलडोझर लावून पाडले आणि लोकांना लांब नव्या वसाहतीत नेले. कबरी वाचवायच्या होत्या. माणसे घरातून उठली, मेलेले जागेवर राहिले.

घरी आल्यावर आम्ही ग्रामपंचायतीला अर्ज दिला. विषय: ओढ्यापलीकडील स्मशानभूमीस पत्राशेड व साकव मिळणेबाबत. ग्रामसेवकाने वाचून विचारले, गावाची आहे की एक, दुसरी कशाला? आम्ही म्हणालो, तसे लेखी द्या, गावाची एकच स्मशानभूमी सर्वांसाठी खुली आहे म्हणून. त्याने अर्ज ठेवून घेतला. पोच दिली आहे, तारखेसह. लेखी अजून आलेले नाही.